‘राहा, पण…’ : प्रोव्हायडेड दॅट आणि त्याची भावंडं

यावेळी तुमचे इंग्रजीबद्दलचे प्रश्न भरपूर आलेत आणि गंमत म्हणजे निम्म्याहून जास्त एकाच शब्दाभोवती फिरतायत : प्रोव्हायडेड (किंवा प्रोव्हायडेड दॅट), म्हणजे ‘या अटीवर की’. इंदूरच्या मराठी घरांत अचानक सगळ्यांना अटी घालायची हौस आलीये का काय कोण जाणे. तर मी बाकीचे प्रश्न (स्पेलिंगचे दोन, उच्चाराचा एक, आणि एका काकांचं आजकालच्या इंग्रजी माध्यमाबद्दलचं चार पानी पत्र) पुढच्या अंकासाठी बाजूला ठेवलेत आणि आज फक्त हेच घेते.

प्रश्न : लोकमान्य नगरात आमचं दुमजली घर आहे. वरची खोली भंवरकुव्याला क्लास लावलेल्या एका मुलाला भाड्याने दिली. कागद पक्का करण्याआधी अटी मीच इंग्रजीत टाइप केल्या. त्यात एक ओळ होती, ‘यू कॅन यूज द टेरेस प्रोव्हायडेड दॅट यू विल नॉट मेक नॉइज आफ्टर टेन’. मुलाने सही केली आणि जाता जाता हळूच म्हणाला, “आंटी, यहाँ विल नहीं आता.” मी नोकरीत तीस वर्षं इंग्रजी पत्रं लिहिली आहेत हो. विल का नको? आणि प्रोव्हायडेड दॅटच्या जागी दुसरं काय लिहिता आलं असतं?

उत्तर : काकू, मुलगा बरोबर आहे, पण त्यासाठी भाडं कमी करायची गरज नाही.

इंग्रजीत अटीचा जो अर्धा भाग असतो ना, इफ असो, अनलेस असो की प्रोव्हायडेड, त्यात गोष्ट उद्याची असली तरी क्रियापद वर्तमानकाळातच बसतं. इफ इट रेन्स म्हणतात, इफ इट विल रेन नाही. तसंच प्रोव्हायडेड यू डोन्ट मेक नॉइज. विल हवं तर दुसऱ्या अर्ध्यात, म्हणजे अट पाळल्यावर जे मिळणार त्या भागात. आता आपल्याकडून ही चूक इतकी का होते ह्याचा मी बराच विचार केलाय आणि मला वाटतं ह्यात मराठीचा दोष नाहीच. आपण मराठीत ‘पाऊस आला तर’ म्हणतो, ‘तू आलास तर’ म्हणतो, म्हणजे उद्याच्या गोष्टीला चक्क भूतकाळाचं रूप लावतो, ‘पाऊस येईल तर छत्री घेऊ’ कुणी म्हणत नाही. हिंदीत मात्र ‘आओगे तो’, ‘बारिश होगी तो’ सर्रास चालतं, आणि आपण इंदूरवाले दिवसभर हिंदीतच भाजी घेतो, हिंदीतच भांडतो, मग इंग्रजी लिहिताना हात त्याच ‘होगी’वर जातो आणि विल टाइप होतं. आईची भाषा बरोबर शिकवत होती, शेजाऱ्याच्या भाषेने घोळ केला असं म्हणा.

ह्याला एक फाटा आहे. जुन्या पद्धतीच्या करारांत ‘प्रोव्हायडेड दॅट द टेनंट शॅल’ असं दिसतं, ते शॅल म्हणजे भविष्यकाळ नाही, बंधन आहे, ‘भाडेकरूने अमुक केलंच पाहिजे’ असं. तुम्ही बहुतेक तसलंच काही वाचून शॅलचं विल केलंत. तुमची ओळ अशी होईल : ‘द टेनंट मे यूज द टेरेस प्रोव्हायडेड ही डझ नॉट मेक नॉइज आफ्टर टेन’. कॅनचं मे केलं कारण परवानगी आहे, ताकद नाही, गच्चीवर चढता तर त्याला तसंही येतं. आणि दॅट गाळलं, बोलताना-लिहिताना ते गाळलं तरी चालतं, कागद फारच सरकारी दिसायला हवा असेल तर ठेवा.

आता दुसरं काय लिहिता आलं असतं. इथे जरा थांबते, कारण लोक प्रोव्हायडेडला ‘जड कपडे घातलेला इफ’ समजतात आणि जिथे इफ दिसेल तिथे हा घालतात. तसं नाहीये ते. इफ कुठेही चालतो, चांगल्याला, वाईटाला, नुसत्या शक्यतेला. प्रोव्हायडेड फक्त तिथे चालतो जिथे कुणीतरी काहीतरी देतंय, किंवा काही हवंसं घडणार आहे, आणि देताना दोरीचं एक टोक हातात ठेवलंय. तुम्ही गच्ची देताय, म्हणून तुमचा प्रोव्हायडेड शोभला. पण ‘होळकर स्टेडियमवरची मॅच रद्द होईल, प्रोव्हायडेड इट रेन्स’ हे चूक, कारण मॅच रद्द होणं ही काही बक्षिसी नव्हे (तिकीट न मिळालेल्या माणसाने म्हटलं तर गोष्ट वेगळी). ‘मी आजारी पडेन प्रोव्हायडेड मी उघड्यावरचं पाणी प्यायलो’ हेही तसंच. शंका आली की तिथे हिंदीतलं ‘बशर्ते’ घालून बघा, आपल्याला ते घरचंच आहे. ‘बीमार पड़ जाऊँगा, बशर्ते गंदा पानी पी लूँ’ म्हणालात तर पोहेवालासुद्धा हातातला झारा थांबवून बघेल. बशर्ते नाही बसला तर प्रोव्हायडेडही नाही बसणार, ही कसोटी मी शाळेत वर्षानुवर्षं वापरली आणि फार कमी वेळा फसली.

शब्दाचं मूळही हेच सांगतं. प्रोव्हाइड हे लॅटिन प्रो म्हणजे पुढे आणि विदेरे म्हणजे बघणे, ह्यातून आलंय, म्हणजे पुढचं बघून ठेवणे. तुमच्या नोकरीतला प्रॉव्हिडंट फंड त्याच घरातला, कोपऱ्यावरचं प्रोव्हिजन स्टोअरही त्याच घरातलं, आणि व्हिडिओ पण. इतकंच काय, आपलं विद्, वेद, विद्या ह्यांचं आणि त्या विदेरेचं मूळ भाषाशास्त्रात एकच मानतात. पंधराव्या शतकापासून इंग्रजीत प्रोव्हायडेड ‘अमुक गोष्ट आधीच बघून ठेवली असेल तर’ ह्या अर्थाने अटीसाठी वापरात आहे. म्हणजे गच्ची देताना तुम्ही दहा वाजताचा दंगा आधीच बघून ठेवलात, झालं की.

भावंडांपैकी सगळ्यात मऊ म्हणजे ॲज लाँग ॲज, किंवा त्याचं जुळं सो लाँग ॲज. घरात, व्हॉट्सॲपवर, मित्राला हेच लिहा. ‘यू कॅन टेक माय ॲक्टिव्हा ॲज लाँग ॲज यू फिल द टँक.’ इथे प्रोव्हायडेड लिहिलंत तर मित्र गाडी न घेताच जाईल. सगळ्यात ताठ म्हणजे ऑन कंडिशन दॅट, त्यात डोळे वटारलेले दिसतात, समोरच्याने अट मोडली तर दिलेलं परत घेणार हे त्यात आधीच सांगितलेलं असतं. प्रोव्हायडेड ह्या दोघांच्या मधोमध. आमची आजी रंगपंचमीला आम्हाला राजवाड्याची गेर (रंग उधळत निघणारी मिरवणूक) बघायला सोडायची तेव्हा म्हणायची, “जा, पण दादाचा हात सोडायचा नाही.” हा पण म्हणजे शुद्ध प्रोव्हायडेड. वडील म्हणायचे, “एका अटीवर सोडतोय”, ते ऑन कंडिशन दॅट. आणि आई नुसती म्हणायची, “हात धरून राहा म्हणजे झालं”, ते ॲज लाँग ॲज. तिघांचा अर्थ एकच होता पण आम्ही भ्यायचो फक्त वडिलांच्या वाक्याला.

सब्जेक्ट टू पण ह्याच कुळातलं पण त्याच्यामागे पूर्ण वाक्य लावू नका, नाम लावा : सब्जेक्ट टू अप्रूव्हल, सब्जेक्ट टू अव्हेलेबिलिटी. ‘सब्जेक्ट टू यू पे द रेंट’ असं एका पत्रात वाचलं होतं, अजून डोळ्यापुढून जात नाही.

प्रश्न : प्रोव्हायडिंग लिहिलं तर चूक का? आमचे सर लाल रेघ मारतात. (सुदामा नगर, बारावी)

उत्तर : चूक नाही, प्रोव्हायडिंगही इंग्रजीत जुनं आहे. पण काही लोकांच्या कानाला खटकतं आणि औपचारिक लिखाणात प्रोव्हायडेडच जास्त दिसतं. मार्क सरांच्या हातात आहेत, प्रोव्हायडेड लिही.

प्रश्न : मी जिल्ह्याच्या कचेरीतून निवृत्त झालो. एक गोष्ट नोकरीभर खटकली. कायद्यात इंग्रजी मजकुरात जिथे प्रोव्हायडेड दॅट असतं तिथे हिंदी मजकुरात ‘परन्तु’ आणि मराठी अनुवादात ‘परंतु’ असतं. परंतु म्हणजे बट. अट कुठे गेली? अनुवाद करणाऱ्यांनी चूक केली असं माझं ठाम मत आहे.

उत्तर : काका, मतं ठामच असावीत पण ह्यावेळी मी अनुवाद करणाऱ्यांच्या बाजूने आहे.

कायद्यातलं प्रोव्हायडेड दॅट आणि काकूंच्या गच्चीवरचं प्रोव्हायडेड हे दिसायला सारखे पण काम वेगळं. कायद्यात आधी एक सरळ नियम सांगतात, तो संपला की नव्या ओळीवर मोठ्या अक्षराने प्रोव्हायडेड दॅट सुरू होतं, आणि त्या नियमातून एक तुकडा कापून काढतात. ह्या तुकड्याला इंग्रजीत प्रोव्हायझो म्हणतात, आपल्याकडे परंतुक. तुम्हाला पाठच असेल तो माहितीचा अधिकार घ्या, 2005 चा कायदा, कलम 7 चं पहिलं उपकलम. नियम काय? अर्ज आला की 30 दिवसांच्या आत माहिती द्या किंवा कारण सांगून नाकारा. आणि मग परंतुक : प्रोव्हायडेड दॅट, मागितलेली माहिती एखाद्याच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित असेल तर ती 48 तासांत द्यावी. आता ह्यात ‘अट’ कुठे आहे सांगा बरं. 30 दिवसांचा नियम ह्या अटीवर चालत नाहीये. नियम आहेच, पण एका जातीच्या अर्जाला तो लागू नाही, त्याला घाई आहे. म्हणजे हे बटच झालं की! इथे कुणी ‘या अटीवर की’ लिहिलं असतं तर अर्थाचा पार विचका झाला असता. शिवाय गंमत बघा, त्या इंग्रजी वाक्यात सुरुवातीला प्रोव्हायडेड आहे आणि शेवटाकडे पुन्हा ‘शॅल बी प्रोव्हायडेड’ आहे, एक ‘पण’च्या अर्थाने आणि एक ‘पुरवावी’च्या अर्थाने, एकाच वाक्यात दोन्ही. यंत्राने अनुवाद करणाऱ्यांनी इथे फार पाय घसरून घेतलेत.

एकाहून जास्त अपवाद असले की इंग्रजीत प्रोव्हायडेड फर्दर दॅट येतं आणि हिंदीत ‘परन्तु यह और कि’. ते वाचताना मला नेहमी वाटतं एखादी आत्या दारातून बाहेर पडता पडता परत वळून “आणि हे बघ, अजून एक” म्हणतेय. कायदा लिहिणाऱ्यांच्या जगातही ह्या शब्दाबद्दल फारसं प्रेम नाही, अट, अपवाद, पुरवणी सगळं एकाच पोत्यात भरतात अशी तक्रार जुनी आहे.

आणि तुम्ही म्हणता तशी अट जिथे खरंच असते, तिथेसुद्धा मराठीत ‘पण’ने काम होतंच हो. आजीचं “जा, पण हात सोडायचा नाही” आठवा. अनुवाद करणाऱ्यांनी तिचाच शब्द घेतला, फक्त त्याला कोट-टाय घालून परंतु केला.

‘बशर्ते’ का नाही घेतला असंही तुम्ही पुढे विचारलंय. तो शब्द अरबी शर्त ह्याच्या आधी फारसी ब लागून आलाय आणि तो फक्त अटच सांगतो, अपवाद सांगत नाही. म्हणून गच्चीला चालेल, परंतुकाला नाही. जाता जाता, वडोदऱ्याला माझी मावसबहीण असते, तिच्याकडे गुजरातीत शरत म्हणजे अट पण आणि पैज पण, त्यामुळे ती मराठीत बोलताना “माझी शरत आहे” म्हणाली की ती नियम सांगतेय की पैसे लावतेय हे विचारावं लागतं.

प्रश्न : मुलीच्या आठवीच्या पेपरात ‘इफ… नॉटचं अनलेस करा’ असा प्रश्न होता. तिने लिहिलं, ‘यू विल मिस द सिटी बस अनलेस यू डोन्ट हरी’. मार्क गेले. मला तर वाक्य बरोबर वाटतंय, कारण घाई नाही केली तर बस चुकेल ना?

उत्तर : चुकेल. पण अनलेसच्या पोटात नाही आधीच बसलेला आहे, तुम्ही बाहेरून अजून एक डोन्ट आणून बसवलात, दोन नाही मिळून अर्थ झाला ‘घाई केलीस तर बस चुकेल’. बरोबर वाक्य ‘अनलेस यू हरी’.

ही चूक अख्ख्या भारताची आहे आणि कारण पुन्हा आपल्या भाषाच. आपण म्हणतो ‘तू येत नाहीस तोपर्यंत मी जेवणार नाही’, हिंदीत ‘जब तक तुम नहीं आते’. दोन्हीकडे नाही उघड बोलावा लागतो, म्हणून इंग्रजीत अनलेस यू डोन्ट कम आणि अनटिल यू डोन्ट कम. मुलीला सांगा, अनलेस लिहिला की त्याच्यापुढे नॉटला प्रवेश बंद, निदान आठवीपर्यंत तरी. मोठी झाल्यावर तिला अपवाद भेटतील.

मात्र प्रत्येक इफ नॉटचं अनलेस होत नाही हे पेपर काढणाऱ्यांनी पण लक्षात घ्यायला हवं. ‘आय विल बी सरप्राइज्ड इफ ही डझन्ट कम’, तो आला नाही तर मला नवल वाटेल. ह्याचं अनलेस केलं तर ‘तो आल्याशिवाय माझं नवल संपणारच नाही’ असं काहीतरी भलतंच होतं. अनलेस म्हणजे ‘एवढी एक गोष्ट सोडून’. नवल वाटायचं कारणच त्याचं न येणं असेल तर तिथे अनलेस नको.

प्रश्न : ‘इन केस यू आर कमिंग टू इंदौर, कॉल मी’ असं मी लंडनच्या भाच्याला लिहिलं. तो म्हणतो मामा, अर्थ वेगळा निघतो. खरं का?

उत्तर : खरं आहे पण भाच्याने मामाला टोकायचं की नाही हा वेगळा प्रश्न.

ब्रिटिश वापरात इन केस म्हणजे ‘न जाणो’. छत्री घे इन केस इट रेन्स, म्हणजे पाऊस येवो न येवो छत्री आत्ताच घे. तुमच्या वाक्याचा तिकडचा अर्थ, ‘न जाणो तू इंदूरला येशील, म्हणून आत्ताच फोन कर’. तुम्हाला म्हणायचं होतं आलास तर कर, म्हणजे साधा इफ. अमेरिकेत इफच्या अर्थानेही इन केस चालतं, त्यामुळे भाचा न्यू जर्सीला असता तर गप्प बसला असता. आणि इन केस ऑफच्या मागे नाम आलं की तिकडेही अर्थ ‘झालं तर’ असाच : लिफ्टशेजारी लिहिलेलं इन केस ऑफ फायर. कुणी रोज न जाणो म्हणून जिन्याने जात नाही.

गेरला जाताना जुना कुडता घाला इन केस समवन थ्रोज कलर, हे वाक्य व्याकरणाने बरोबर पण इंदुरात खोटं. तिथे न जाणो वगैरे काही नसतं.

प्रश्न : ॲज लाँग ॲज म्हणजे ‘जोपर्यंत’ ना? मग ते अट कसं झालं?

उत्तर : दोन्ही. ‘सराफ्यात सोन्याची दुकानं उघडी असतात तोपर्यंत खाण्याच्या गाड्या लागत नाहीत’, ह्यात ॲज लाँग ॲज म्हणजे वेळ. ‘भाडं देत असशील तर राहा’, ह्यात वेळही आहे आणि अटही, भाडं थांबलं की राहणं थांबलं. बोलताना कळतं. लेखी कागदावर घोटाळा नको असेल तर तिथे मात्र प्रोव्हायडेडच लिहा.

प्रश्न : मी सहावीत आहे. आई म्हणते, यू विल गेट द फोन ओन्ली इफ यू फिनिश युअर होमवर्क. मी होमवर्क केला तरी फोन दिला नाही. हे चीटिंग आहे ना?

उत्तर : बेटा, नाहीये, आणि हे सांगताना मला वाईट वाटतंय. आईने ओन्ली इफ म्हटलंय. त्याचा अर्थ होमवर्कशिवाय फोन मिळणार नाही एवढाच, होमवर्क केल्यावर मिळेलच असं त्यात कुठेही नाही. मराठीत ‘केलास तर मिळेल’ आणि ‘केलास तरच मिळेल’ ह्यांत जो फरक तोच. तुझी आई फार हुशार आहे. प्रोव्हायडेडमध्ये मात्र वचन असतं, अट पाळली की समोरच्याला द्यावंच लागतं. तेव्हा उद्या होमवर्कला बसण्याआधी आईकडून ते वाक्य प्रोव्हायडेड घालून कागदावर लिहून घे, खाली सही घे, आणि सही करण्याआधी तिने त्यात कुठे सब्जेक्ट टू घुसवलंय का ते नीट बघ.